भुलेची भीती: कॉस्मेटिक सर्जरीआधी नेमकं काय विचारायचं?

अबोली

टमी टक (सैल पोट घट्ट करायची सर्जरी) आणि कमरेचं लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) असा बेत आहे. वय ४१, वजन ६२ किलो. थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. दोन ठिकाणची एस्टिमेट्स हातात आहेत. पहिल्यात 'जनरल ॲनेस्थेशिया, एक रात्र मुक्काम', दुसऱ्यात 'लोकल + सेडेशन, संध्याकाळी घरी', म्हणजे तेवढाच भाग बधिर आणि वर गुंगीचं औषध. दुसरं बरंच स्वस्त. घरच्यांचं मत दुसऱ्याकडे, कारण 'पूर्ण भूल कशाला उगाच'.

चिरफाडीची भीती नाही. भुलेतून जागच आली नाही तर, ही भीती आहे. त्यात हौसेची सर्जरी, म्हणजे काही झालं तर 'कोणी सांगितलं होतं?' हे ठरलेलं. धीर नको, माहिती हवी. पूर्ण भूल खरंच जास्त धोक्याची का? हॉस्पिटलला काय विचारायचं? आणि कुठलं उत्तर आलं की सरळ उठून यायचं?

गुंगीकार

मी भूलतज्ज्ञ. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'भूल कोण देणार?' याचं उत्तर 'डॉक्टरच देतात, हलकंसं इंजेक्शन असतं' असं आलं तर उठून या. शस्त्रक्रिया करणारा आणि गुंगी सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं असायला हवीत. एकाचे डोळे पोटावर असतील तर तेच डोळे श्वासावर राहू शकत नाहीत.

आता पूर्ण भूल विरुद्ध सेडेशन. जनरलमध्ये श्वासनलिकेत ट्यूब असते, श्वास यंत्रावर असतो, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दर श्वासाला स्क्रीनवर दिसतो. श्वास आमच्या ताब्यात असतो. सेडेशनमध्ये पेशंट स्वतः श्वास घेतो आणि आम्ही त्यावर लक्ष ठेवतो. मिडाझोलाम, फेंटानिल, थोडं प्रोपोफॉल. प्रत्येक औषध श्वास थोडा मंदावतं, एकत्र दिली की बेरजेपेक्षा जास्त मंदावतात. 'हलकी गुंगी' आणि 'पूर्ण भूल' यांच्यात भिंत नाही, उतार आहे. कोणता पेशंट किती औषधाला घसरेल हे आधी नक्की सांगता येत नाही.

टमी टकमध्ये हा उतार कुठे लागतो ते सांगतो. त्वचा बधिर करणं सोपं. पण पुढे सैल पडलेले पोटाचे स्नायू मध्यरेषेत ओढून शिवतात, त्याला प्लिकेशन म्हणतात. तो ताण नुसत्या लोकलला बऱ्याचदा पुरत नाही. पेशंट कण्हते, सर्जन म्हणतो 'जरा डीप करा', दोन-तीन मिली आणखी जातं. जीभ मागे पडते, घशात ट्यूब नाही. हीच ती पूर्ण भूल, फक्त तिची तयारी न करता दिलेली.

नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ ९९ दाखवत राहतो. श्वास थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं उलटली तरी आकडा हलत नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर मात्र रेष लगेच सपाट होते. म्हणून दुसऱ्या ठिकाणी पहिला प्रश्न हा विचारा: 'सेडेशनमध्ये ईटीसीओटू लावता का?' (म्हणजे हेच कॅप्नोग्राफचं मोजमाप.) नाकाच्या नळीतूनच सॅम्पल घेणारी लाइन मिळते, महाग नसते.

घरच्यांना सांगा, धडधाकट माणसाला पूर्ण भूल हा मोठा जुगार नाही. इंग्लंडचं रॉयल कॉलेज निरोगी माणसाला थेट भुलेमुळे मृत्यूचा धोका साधारण १ लाखात १ असा सांगतं. कॉस्मेटिक सर्जरीत जी दुर्घटना 'भुलेने गेली' म्हणून सांगितली जाते, तिच्या मुळाशी पुष्कळदा फुप्फुसात गेलेली गुठळी असते, चरबीचे कण असतात, लोकलचा ओव्हरडोस असतो, किंवा रिकव्हरीत कोणी लक्ष न दिलेला श्वास असतो.

कडूकारले

भूलतज्ज्ञ भुलेची बाजू घेणारच की हो. :)

सुईदोरा

गुंगीकार, बरंचसं पटलं, पण सरसकट नको. मी प्लास्टिक सर्जन. निव्वळ लोकलवर, शिरेतून कुठलंही औषध न देता केलेलं छोटं लायपोसक्शन हा सुरक्षित प्रकार आहे. चरबीच्या थरात बधिर करणारा पातळ द्रव भरायची ट्युमेसंट पद्धत अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली तीच मुळी पूर्ण भूल टाळण्यासाठी. हनुवटीखालची चरबी, दंड, पुरुषांची छाती, अशा एका मर्यादित भागासाठी ती उत्तम. पेशंट जागा असतो, बोलतो, स्वतः कूस बदलतो.

घोटाळा होतो तो 'लोकल + सेडेशन' या जोडगोळीत. लोकलची सुरक्षितता सांगायची आणि आत सेडेशन ढकलायचं.

अबोलीताई, तुमचा बेत मात्र छोटा नाही. सगळ्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियांमध्ये पायात गुठळी होण्याचं प्रमाण टमी टकमध्ये वरच्या क्रमांकाला आहे, आणि सोबत लायपो केलं की आणखी वाढतं. पोट घट्ट शिवल्यामुळे आतला दाब वाढतो, पायांतून वर येणारं रक्त रेंगाळतं, त्यात काही दिवस वाकून चालायचं. भूल कोणतीही असली तरी हा धोका तसाच राहतो. विचारायचं ते असं: कॅप्रिनी स्कोअर (गुठळीच्या धोक्याचे गुण) काढला का? टेबलवर पोटऱ्यांना हवेची पंपिंग पट्टी लावणार का, आणि ती भूल सुरू व्हायच्या आधीच लावणार ना? एनॉक्सापॅरिन (गुठळी टाळायचं इंजेक्शन) देणार का, कधीपासून? त्याच संध्याकाळी उठवून चालवणार कोण? गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आत्ताच सांगा. इस्ट्रोजेन असलेली गोळी साधारण ४ आठवडे आधी थांबवायची असते, आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

आणि वेळ. 'एकदा भूल देतोयच तर दंडही करून टाकू, पापण्याही उरकू' ही पॅकेजवाल्यांची आवडती ओळ. एकूण वेळ ६ तासांपुढे जाणार असेल तर दोन बैठका करा. काढलेली चरबी आणि द्रव मिळून ५ लिटरच्या वर जाणार असेल तर मुक्काम करायचाच, त्यात वाटाघाट नाही.

हिशेबनीस

फार्मसीकडून थोडं गणित. या धाग्यावर ते कामाचं आहे.

ट्युमेसंट द्रवाची ठरलेली कृती: १ लिटर नॉर्मल सलाइन, त्यात ५०० मिग्रॅ लिग्नोकेन (बधिर करणारं औषध), १ मिग्रॅ ॲड्रेनलिन (म्हणजे १:१००० चा १ मिलीचा एक ॲम्प्यूल) आणि सोडाबायकार्ब साधारण १० मिली. सोडाबायकार्बने टोचताना आग कमी होते, ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव घटतो आणि लिग्नोकेन रक्तात हळू उतरतं.

५०० मिग्रॅ म्हणजे १% चे ५० मिली. पुस्तकात '५० मिली' लिहिलेलं असतं. आपल्याकडे शेल्फवर सहसा २% ची ३० मिलीची बाटली असते. २% मधून ५० मिली ओढले की १००० मिग्रॅ झाले. दुप्पट!

६२ किलोला लावून बघा. ट्युमेसंटसाठी बहुतेक सर्जन ३५ मिग्रॅ प्रति किलो ही मर्यादा पाळतात, काही जण ५५ पर्यंत जातात. ३५ ने २१७० मिग्रॅ होतात. बरोबर कृतीने ३ लिटर घातलं तर १५०० मिग्रॅ, किलोला २४. मर्यादेच्या आत. २% च्या गोंधळाने तेच ३ लिटर ३००० मिग्रॅ होतं, किलोला ४८. द्रव तेवढाच, पिशव्या तेवढ्याच, बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. म्हणून पिशवीवर मार्करने 'लिग्नो किती मिग्रॅ' हे लिहिलेलं असावं, 'किती मिली' नव्हे.

ही ३५ ची मुभा फक्त त्या पातळ द्रवाला, चरबीच्या थरात. नेहमीच्या टोचण्याला ॲड्रेनलिनसह ७ मिग्रॅ प्रति किलो हीच मर्यादा. ७० किलोच्या माणसाला ४९० मिग्रॅ, म्हणजे २% चे साडेचोवीस मिली. एक अख्खी ३० मिलीची बाटली ६०० मिग्रॅ होते. केस बसवण्याच्या क्लिनिकमध्ये सात-आठ तासांत 'जरा दुखतंय' म्हणत दोन बाटल्या संपल्या तर हिशेब कोणाकडे असतो?

कडूकारले

हे २% चं कोणी कधी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

गुंगीकार

हिशेबनीस, झकास. त्याला दोन जोड.

एक म्हणजे बेरीज. टमी टकनंतर दुखू नये म्हणून भूलतज्ज्ञ पोटाच्या भिंतीत टॅप ब्लॉक देतो, त्यात ब्युपिव्हाकेन असतं. सर्जनने त्याआधी ट्युमेसंट घातलेलं असतं. दोघांचे डोस आपापल्या मर्यादेत असतात, पण औषधं एकाच जातीची आहेत आणि विषारीपणा एकत्र मोजायचा असतो. सर्जन आणि भूलतज्ज्ञाने सुरुवातीलाच बोलून आकडा वाटून घ्यायला हवा. पूर्ण भुलेचा इथे एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही: पेशंट झोपलेली असल्याने द्रवातलं लिग्नोकेन बरंच कमी करता येतं, काही जण ते वगळून नुसतं ॲड्रेनलिन ठेवतात.

दुसरी जोड वेळेची. ट्युमेसंटनंतर रक्तातलं लिग्नोकेन सर्वांत वर चढतं ते साधारण १२ तासांनी. सकाळी १० ला द्रव घातला असेल तर रात्री १० च्या आसपास. 'संध्याकाळी घरी' गेलेला पेशंट तेव्हा स्वतःच्या खाटेवर असतो. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, जीभ जड, मग हातापायाला झटके, असा क्रम असतो. घरचे म्हणतात, 'गुंगी उतरतेय, झोपू दे.' झोपू द्यायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा केटोकोनाझोल चालू असेल तर लिव्हर हे औषध आणखी सावकाश काढतं, म्हणून चालू गोळ्यांच्या यादीत बुरशीची आणि घशाची औषधंही लिहा.

यावरचा उतारा म्हणजे २०% लिपिड इमल्शन, शिरेतून द्यायचं पांढरं दुधाळ औषध. ६२ किलोला पहिला डोस १.५ मिली प्रति किलोने सुमारे ९३ मिली, दोन-तीन मिनिटांत. मग मिनिटाला साधारण १५ मिली. वीस मिनिटांतच ४०० मिली संपतं, त्यामुळे कपाटात २५० ची एक बाटली ठेवून भागत नाही. 'प्रोपोफॉलपण लिपिडच ना, तेच देऊ' असं म्हणणारेही भेटतात. त्यात लिपिड थोडं आणि हृदय मंदावणारं औषध पुष्कळ. रंग पांढरा आहे एवढंच साम्य.

ओटीतली_सिस्टर

आम्ही टेबलच्या बाजूने बघतो, त्यामुळे आमची यादी वेगळी. तुम्हाला ओटीत शिरून तपासता येणार नाही, पण 'मला ओटी आणि रिकव्हरी रूम दाखवाल का?' असं विचारता येतं. दाखवायला कां कूं केलं तर तेही उत्तरच.

रिकव्हरी म्हणजे कॉरिडॉरमधली ट्रॉली नव्हे. तिथे मॉनिटर, सक्शन, ऑक्सिजन आणि एक नर्स हवी जी दुसरं काही करत नाही. छोट्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, पुढची केस दुसरीकडे असते. टाके पूर्ण झाले, पेशंटने डोळे उघडले की बॅग उचलून निघतात, आणि पेशंटजवळ उरतात मामा किंवा मावशी. पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यांत नाजूक असतो. शस्त्रक्रियेचं दुखणं थांबलेलं, पण फेंटानिल अंगात, म्हणून श्वास पुन्हा मंदावतो. विचारा: 'भूलतज्ज्ञ किती वेळ थांबतात? वॉर्डात पाठवायचं कोण ठरवतं?' आल्ड्रेट स्कोअर (भुलेतून किती सावरला याचे गुण) १० पैकी ९ झाल्याशिवाय पाठवत नाही, असं उत्तर आलं तर तिथली घडी नीट बसलेली आहे समजा.

डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आहे का, रोज चाचणी होते का. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर. दिवे गेले तर जनरेटर सुरू होईपर्यंत मशीनला यूपीएस. आयसीयू इथेच की दुसरीकडे, आणि दुसरीकडे असेल तर कुठे, कोणाशी बोलणं झालेलं आहे. 'तशी वेळ येत नाही हो' हे उत्तर नाही.

अंगावरचं: जेल नेलपॉलिश किमान एका हाताच्या दोन बोटांवरून काढून या, ऑक्सिमीटरला त्रास होतो. पापण्यांची एक्स्टेन्शन्स काढा, डोळे टेपने बंद करतात तेव्हा ती उपटून येतात आणि बुबुळाला ओरखडा पडू शकतो. मंगळसूत्र, चमकी, जोडवी सगळं घरी. जोडवी निघत नाहीत म्हणून बायका टेप लावून येतात. दोन दिवस आधी साबण लावून काढायचा प्रयत्न करा, नाहीतर सोनाराकडून कापून घ्या. कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवणारं उपकरण) चालू असताना अंगावर धातू नकोच, आणि पायाला सूज आली की अंगठी रुतते ते वेगळंच.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही. पोट स्पिरिटवाल्या द्रावणाने पुसतात, ते बेंबीत साठतं. ३ मिनिटं पूर्ण वाळू न देता कॉटरी लावली तर ड्रेपखाली (अंगावरच्या निर्जंतुक चादरीखाली) पेट घेऊ शकतं, आणि ती ज्योत दिसतही नाही. चांगली सिस्टर बेंबी कोरड्या गॉजने टिपून मगच ड्रेप घालते. चेहऱ्याच्या सर्जरीत यात नाकाजवळचा उघडा ऑक्सिजन येऊन मिळतो. म्हणून पापण्यांची किंवा फेसलिफ्टची केस सेडेशनमध्ये असेल तर ऑक्सिजन ३०% च्या खाली ठेवतात, किंवा कॉटरीआधी थोडा वेळ बंद करतात.

उंटावरून_शहाणा

अवांतर होईल, पण हेअर ट्रान्सप्लांटचा विषय निघालाच आहे. तिथे तर भूलतज्ज्ञाचा पत्ताच नसतो. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याला यातलं काय लागू होतं?

गुंगीकार

अवांतर अजिबात नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या टेबलवर दर आठवड्याला गुटख्याचं तोंड येतं. सुपारीने गालाच्या आत पांढरे कडक पट्टे होतात, तोंड उघडणं दर वर्षी थोडं कमी होतं. घरी तपासा: स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायलाच हवं. त्यापेक्षा कमी असेल तर नेहमीच्या पद्धतीने ट्यूब टाकता येत नाही, पेशंट जागा ठेवून नाकातून फायबरऑप्टिक दुर्बिणीने टाकावी लागते. ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते. आणि असा माणूस सेडेशनमध्ये घसरला तर मास्कने श्वास देणंही अवघड, म्हणजे 'छोटी गुंगी' त्यालाच जास्त धोक्याची. घोरणाऱ्यांनाही तेच. झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल तर ते 'गंमत' म्हणून सोडू नका.

मिश्री लावणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं खरंच समजून सांगतात. निकोटिन ते निकोटिनच. टमी टकमध्ये वरची त्वचा खाली ओढून शिवतात, तिचा रक्तपुरवठा आधीच ताणलेला असतो. निकोटिनने वाहिन्या आकसल्या की बेंबीखालचा भाग काळा पडतो. किमान ४ आठवडे आधी बंद, निकोटिनची च्युइंगमसुद्धा.

केसांच्या क्लिनिकबद्दल: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं, आणीबाणी हाताळायची सोय तिथे हवी, आणि व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं त्यात स्पष्ट आहे. डोक्यात सुई टोचणारा कोण आहे हे विचारा.

थेम्सकाठचा

इंग्लंडमधल्या भुलेच्या कामातून दोन आकडे, कारण 'मध्येच जाग आली तर' ही भीती इथे अजून कोणी काढली नाही, मनात मात्र सगळ्यांच्या असते. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत पेशंटने स्वतःहून सांगितलेली अशी जाग सुमारे १९,००० भुलांमागे १ निघाली. त्यातली बरीच उदाहरणं सुरुवातीच्या किंवा शेवटच्या मिनिटांतली, आणि जवळपास सगळ्यांत स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं होतं. म्हणजे माणूस जागा, पण हलू शकत नाही. भूल पूर्ण शिरेतून, प्रोपोफॉलच्या पंपावर देणार असतील आणि शिथिल करणारं औषधही वापरणार असतील, तर कपाळावर भूल किती खोल आहे ते मोजणारी बिस पट्टी लावणार का विचारा. तो आकडा ४० ते ६० मध्ये ठेवतात. हात दिसत राहील असा ठेवणं हेही महत्त्वाचं, कारण शिरेतून सुई निसटली तर प्रोपोफॉल चादरीत जातं आणि पंप आनंदाने चालूच राहतो.

गंभीर ॲलर्जीचा धोका साधारण १०,००० मध्ये १, आणि तिथे गुन्हेगार बहुधा ॲन्टिबायोटिक किंवा शिथिल करणारं औषध. 'पेनिसिलिनने एकदा पुरळ आलं होतं' हे फॉर्मवर लिहा, बारीकसारीक वाटलं तरी.

घरात कोणाला भुलेत अचानक प्रचंड ताप आला, अंग लाकडासारखं झालं, किंवा एखादा नातेवाईक टेबलवर गेला आणि कारण कळलं नाही, असं असेल तर ते आवर्जून सांगा. हा आजार, मॅलिग्नंट हायपरथर्मिया, घराण्यात चालतो. सक्सिनिलकोलिन (एक शिथिल करणारं औषध) आणि वायूरूप भुलेची औषधं वगळली की तो टाळता येतो, पण आधी माहीत असेल तरच.

गुंगीकार

बरोबर. आणि आपल्याकडची पुरवणी: सक्सिनिलकोलिन, आमच्या बोलीत स्कोलिन, पाच-सात मिनिटांत उतरतं. ते विरघळवणारं एन्झाइम काहींत जन्मतः कमी असतं, मग तासन् तास श्वास परत येत नाही. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त आढळलेलं आहे, आणि नांदेड-परभणीकडे हा समाज बराच आहे. यात जीव जायचं कारण नाही, व्हेंटिलेटरवर ठेवून वाट बघायची. पण 'मामांना ऑपरेशननंतर दिवसभर मशीनवर ठेवलं होतं' ही घरगुती गोष्ट आमच्यासाठी रिपोर्टइतकी मोलाची. त्याऐवजी रोक्युरोनियम वापरलं की प्रश्न मिटला.

अबोली

सगळ्यांचे आभार. पहिल्या ठिकाणी फोन केला. भूलतज्ज्ञ वेगळे आहेत, पण 'फिटनेस तुमच्या फिजिशियनकडून आणा, भूलतज्ज्ञ सकाळी भेटतील' असं म्हणाले. चालेल का? आणि उपाशी किती तास राहायचं, गोळ्यांचं काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गुंगीकार

फिजिशियनचं 'फिट फॉर सर्जरी' हे अर्धंच काम. हृदय, साखर, थायरॉइड ते बघतील. तोंड किती उघडतं, मान किती वळते, दात हलतो का, आधीच्या भुलेत काय झालं, हे भूलतज्ज्ञ बघतो. याला पीएसी (भुलेआधीची तपासणी) म्हणतात आणि ती किमान आदल्या दिवशी व्हावी. टेबलवर झोपल्यावर 'दमा आहे का हो?' विचारणं म्हणजे पीएसी नव्हे, कारण 'हो' म्हटलं तरी कोणी केस पुढे ढकलत नाही. आग्रह धरा, बहुतेक वेळा वेळ काढतात. तपासण्यांत सीबीसी, साखर, क्रिएटिनिन, टीएसएच, ईसीजी आणि प्रेग्नन्सी टेस्ट पुरे. लक्षणं नसताना टूडी एको सांगितला तर कारण विचारा.

उपाशी राहणं: जड, तेलकट जेवणानंतर ८ तास. हलकं खाणं आणि दूध ६ तास. पाणी, कोरा चहा, गाळलेलं सरबत, नारळपाणी २ तासांपर्यंत. दुधाचा चहा 'पातळ' असला तरी दुधात मोजायचा, ताकही. आणि 'उपाशी या' म्हटल्यावर पहाटे साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारे खरोखर असतात. उलट टोकही नको. रात्री ८ पासून दुपारपर्यंत पाणीसुद्धा न पिता राहिलात तर शीर सापडत नाही, बीपी घसरतं, डोकं दुखतं.

थायरॉइडची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची.

हिशेबनीस

बाकी गोळ्या, इतर वाचकांसाठी. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, पण निदान प्रश्न काय विचारायचा ते कळेल. टेल्मिसार्टन वर्गाची बीपीची गोळी बहुधा २४ तास आधी थांबवतात, नाहीतर भुलेत बीपी खाली जाऊन वर येत नाही. अटेनोलॉल-मेटोप्रोलॉल वर्गाची मात्र बंद करायची नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या ३ दिवस आधी बंद. उपाशीपोटी या गोळ्यांनी रक्त आम्लधर्मी होतं आणि साखर जवळपास नॉर्मल दिसत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही.

वजनाची इंजेक्शनं हा नवा गोंधळ. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड घेऊन वजन उतरवायचं आणि मग सैल पोटासाठी टमी टक, हा आता सरळ ठरलेला रस्ता झालाय. या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं. आठ तास उपाशी राहूनही पोटात अन्न सापडतं, आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवा असं सांगितलं होतं. २०२४ च्या संयुक्त सूचनेत सरसकट थांबवण्याऐवजी माणूस बघून ठरवा, गरज असेल तर आदले २४ तास फक्त पातळ आहार ठेवा, असा बदल झाला. डोस नुकताच वाढवला असेल किंवा मळमळ चालू असेल तर ते लपवू नका. बरेच जण लपवतात, कारण 'डाएट आणि जिम' असं सांगितलेलं असतं.

लसूण कॅप्सूल, जिंको, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, अश्वगंधा हे दोन आठवडे आधी बंद. यादीत लिहा, 'आयुर्वेदिक आहे म्हणून लिहिलं नाही' असं नको.

सुईदोरा

उलटीचं राहिलं. स्त्री, धूम्रपान न करणारी, गाडी लागणारी, नंतर मॉर्फिन वर्गाचं औषध, या चार गोष्टींत प्रत्येकीला एक गुण. चारही असतील तर उलटीची शक्यता सुमारे ८०%, तीन असतील तर ६०%. प्लिकेशनच्या टाक्यांवर उलटीइतका वाईट ताण दुसरा नाही, फेसलिफ्टमध्ये तर उलटीने रक्त साचतं. गाडी लागते का हे सांगा. मग भूलतज्ज्ञ वायूऐवजी प्रोपोफॉलवर भूल ठेवेल आणि उलटीच्या ऑन्डान्सेट्रॉनबरोबर डेक्सामेथासोनही देईल. नाकाची सर्जरी करणाऱ्यांना एक सूचना: शुद्धीवर याल तेव्हा नाक बोळ्यांनी पूर्ण बंद असेल आणि तोंडाने श्वास घ्यावा लागेल. हे आधी माहीत नसलं की पेशंट गुदमरल्यासारखा झटापट करतो. घरी नाक दाबून दहा-पंधरा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायची सवय करून बघा.

कडूकारले

संमतीपत्रावर पंचवीस सह्या घेतात, वाचायला वेळ देत नाहीत. त्याचं काय?

वकीलीण_बाई

भुलेचं संमतीपत्र वेगळं असायला हवं, त्यावर भुलेचा प्रकार आणि भूलतज्ज्ञाचं नाव. आदल्या दिवशी घरी मागून घ्या. 'गरज वाटल्यास इतर प्रक्रिया' असं मोघम वाक्य असेल तर खोडून नेमकं लिहा. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही, जीवावर बेतलं असेल तरच अपवाद. तिथे पेशंट भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली होती, ती ग्राह्य धरली गेली नाही. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणारी बाई स्वतःच संमती देते, नवरा किंवा आई नव्हे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते, आणि हॉस्पिटलचा शुश्रूषागृह नोंदणीचा दाखला भिंतीवर असतो. पार्लरच्या मागच्या खोलीत तो नसतो.

अबोली

पीएसी शुक्रवारी ठरली. सेडेशनवाल्यांना ईटीसीओटूचं विचारलं, 'मॅडम, ते मोठ्या ऑपरेशनला लागतं' म्हणाले. ते कटाप.

एकच राहिलं: आदल्या रात्री झोप लागणार नाही हे नक्की. घरात अल्प्राझोलाम आहे, पाव मिलिग्रॅम. घेऊ का? आणि मिनी पिल (गर्भनिरोधक गोळी) चालू आहे, आधी लिहायची राहिली. त्यात इस्ट्रोजेन नाही, तरी सांगायचं का?

गुंगीकार

अल्प्राझोलाम स्वतःहून नको. शुक्रवारी विचारा, बहुधा तेच लिहून देतील, पण मग ते त्यांच्या कागदावर येईल आणि सकाळी त्यानुसार डोस ठरेल. झोप नाही लागली तरी भुलेला काही फरक पडत नाही.

मिनी पिल जरूर सांगा, गुठळीसाठी नाही, वेगळ्या कारणासाठी. शिथिल करणारं औषध उतरवायला सुगामाडेक्स वापरलं तर ते प्रोजेस्टेरॉन वर्गाचं औषधही बांधून टाकतं. एक गोळी चुकल्यासारखं धरायचं आणि पुढचे ७ दिवस दुसरं साधन वापरायचं. त्याऐवजी निओस्टिग्मिन वापरलं तर हा प्रश्न नाही. डिस्चार्जच्या वेळी 'रिव्हर्सलला काय दिलं?' एवढं विचारून कार्डावर लिहून घ्या.